आप्त कोणाला म्हणायचं? थिओ फ्ल्युरीचं आत्मचरित्र आणि त्याचे वाचक

 

आज एका हॉकीपटूच्या आत्मचरित्राबद्दल बोलायचं आहे. हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. ही ती हॉकी नाही. ही बर्फावरची. पायांत स्केट्स, चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती, आणि समोरच्याला अंगानं धडक देणं हे नियमात बसणारं. कॅनडात या खेळाला जे स्थान आहे ते आपल्याकडे क्रिकेटला आहे, म्हणजे घरात कोणी खेळत नसलं तरी बोलतात सगळे. पुस्तकाचं नाव 'प्लेइंग विथ फायर', लेखक थिओ फ्ल्युरी, प्रकाशन ऑक्टोबर २००९. मुखपृष्ठावर आणखी एक नाव आहे, कर्स्टी मॅक्लेलन डे. त्या नावाकडे नंतर येतो.

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसानं खेळाडूचं आत्मचरित्र का वाचावं, असं कोणाच्या मनात आलं असेल. मी ते वाचलं ते शब्दप्रमाणामुळे. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून एखादी गोष्ट आपण खरी मानतो, ती कशाच्या बळावर? वर्गात हा प्रश्न शिकवताना उदाहरणं फार बाळबोध असतात. नदीकाठी पाच फळं आहेत असं कोणीतरी सांगितलं, वगैरे. फळांच्या बाबतीत फसलो तर नदीपर्यंतचा फेरा वाया जातो, एवढंच. इथं तसं नाही.

आधी माणूस थोडक्यात. जन्म १९६८, बालपण मॅनिटोबा प्रांतातल्या रसेल या लहानशा गावात. वडील दारूच्या आहारी गेलेले, आई औषधांच्या. उंची पाच फूट सहा इंच. या खेळात एवढी उंची म्हणजे जवळजवळ अपात्रताच. १९८७ मध्ये व्यावसायिक संघ नव्या मुलांची निवड करत होते तेव्हा कॅल्गरी फ्लेम्सनं त्याला आठव्या फेरीत घेतलं, १६६ व्या क्रमांकावर. तिथून दोन वर्षांत, १९८९ मध्ये, तो स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या संघात होता. १९९०-९१ च्या मोसमात ५१ गोल. सगळी कारकीर्द धरली तर १०८४ सामने आणि ४५५ गोल. २००२ मध्ये कॅनडाकडून ऑलिंपिकचं सुवर्णपदक. आणि पुढच्याच वर्षी व्यसनमुक्तीच्या अटी मोडल्या म्हणून लीगनं निलंबित केलं. २००५ च्या सप्टेंबरात दारू सुटली. २००९ च्या सप्टेंबरात वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कॅल्गरीच्या सराव शिबिरात पुन्हा उतरला, संघात जागा मिळाली नाही, निवृत्ती जाहीर केली, आणि काही आठवड्यांतच पुस्तक दुकानांत आलं.

पुस्तकात त्यानं सांगितलं की किशोरवयात त्याच्या प्रशिक्षकानं, ग्रॅहम जेम्सनं, काही वर्षं त्याचं लैंगिक शोषण केलं.

हे नाव कॅनडात नवीन नव्हतं. १९९६ मध्ये शेल्डन केनेडी नावाच्या दुसऱ्या व्यावसायिक खेळाडूनं पोलिसांत जाऊन जेम्सविरुद्ध तक्रार केली होती. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सनं गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. केनेडीनं स्वतःचं पुस्तकही फ्ल्युरीच्या तीन वर्षं आधी लिहिलं. जेम्सच्या हाताखालून गेलेला सगळ्यात गाजलेला खेळाडू फ्ल्युरीच होता, त्यामुळे कुजबूज होती. तो बारा वर्षं काही बोलला नाही.

बारा वर्षं का? याचं उत्तर शोधायला मनोविश्लेषणात शिरायच्या आधी ती व्यवस्था बघा. ज्युनिअर हॉकीत पंधरा-सोळा वर्षांची मुलं घर सोडून शेकडो मैल लांबच्या गावी जातात. तिथं अनोळखी कुटुंबाकडे राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं, हिवाळाभर बसनं गावोगाव सामन्यांना फिरायचं. मुलाला बर्फावर किती मिनिटं मिळणार, व्यावसायिक संघाच्या माणसांच्या नजरेत तो कधी येणार, हे सगळं प्रशिक्षकाच्या हातात. फ्ल्युरीच्या घरी तर परत जाण्यासारखं फारसं काही नव्हतं. आणि जेम्स हा गावात, खेळात मान असलेला माणूस. त्याच्या संघानं १९८९ मध्ये ज्युनिअर गटातला सर्वोच्च चषक जिंकला, आणि 'द हॉकी न्यूज' या साप्ताहिकानं त्याला वर्षातला मानाचा माणूस म्हणून निवडलं. म्हणजे ज्या वर्षी फ्ल्युरी स्टॅन्ली कप उंचावत होता त्याच वर्षी. आपल्याकडे मुलं प्रशिक्षकाला 'सर' म्हणतात आणि आईबाप म्हणतात, 'तुमच्या हवाली केलाय.' हे वाक्य किती सहज बोललं जातं याचा ज्यांनी आपलं पोर निवासी शिबिरात पाठवलंय त्यांनी जरा विचार करावा.

आता पुस्तकाचं स्वागत. ते कॅनडात धडाक्यानं खपलं. त्यावर माहितीपट निघाला. २०१२ मध्ये कॅल्गरीत त्याचं एकपात्री नाटक झालं, रंगमंचावर कृत्रिम बर्फ अंथरून नट स्केट्स घालूनच सगळा प्रयोग करायचा. वर्तमानपत्रांतून कौतुकही भरपूर झालं, आणि ते बहुतेक एकाच चालीचं होतं: धाडसी पुस्तक, प्रामाणिक पुस्तक, आता सगळा उलगडा झाला. म्हणजे कोकेन का, जुगार का, कोट्यवधी डॉलर कुठे गेले, मैदानावर तो असा पिसाळल्यासारखा का खेळायचा, या सगळ्या कुलपांना एक किल्ली सापडली.

माझं भांडण या किल्लीशी आहे.

पुस्तक नीट वाचलं तर दिसतं की शोषणाचा भाग त्यात पानांच्या हिशेबानं लहान आहे. बाकी सगळं हॉकी, पार्ट्या, भांडणं, करार, पैसे. सामन्यांची वर्णनं तर इतकी आहेत की ज्याला हा खेळ माहीत नाही त्यानं सरळ पानं उलटावीत, काही बिघडत नाही. आणि भाषा सगळीकडे एकच आहे, ड्रेसिंग रूमची. शिव्या, थट्टा, बढाई. गोलबद्दल ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात तोंडात बंदुकीची नळी धरून बसलेल्या रात्रीबद्दल बोलतो. पुष्कळांना हा दोष वाटला. मला ते पुस्तकातलं सगळ्यात खरं अंग वाटतं. ज्या मुलाला चौदाव्या वर्षापासून मनातलं बोलायला एकच भाषा मिळाली, तो एकेचाळिसाव्या वर्षी दुसरी कुठून आणणार? समीक्षकांनी वेदनेचा भाग वेचून बाजूला काढला आणि बाकीचा भाग तिचा परिणाम म्हणून वाचला. फ्ल्युरी स्वतः तसं सरळ गणित मांडत नाही. काही गोष्टी तो जेम्सच्या माथी मारतो, काही बापाच्या, आणि काही ठिकाणी, तिथं मला तो आवडतो, तो कोणाच्याच माथी मारत नाही. मला मजा येत होती म्हणून मी केलं, असा त्याचा सूर असतो.

शेवटची प्रकरणं मात्र ढिली आहेत. तिथं दारू सुटते, देव भेटतो, प्रेम भेटतं. आपल्याला वाल्याचा वाल्मीकी झालेला आवडतो, कॅनडातल्या वाचकांनाही आवडतो, आणि प्रकाशकांना ते पक्कं ठाऊक असतं. ज्यांना त्यानं वाटेत दुखावलं त्या बायकामुलांची बाजू आपल्याला ऐकू येत नाही. आत्मचरित्राचा हा दोष जुनाच आहे, पण इथं जाणवतो.

आता एक अडचणीची गोष्ट. १९९४ मध्ये कॅल्गरी हिटमेन नावाचा ज्युनिअर संघ स्थापन झाला. भांडवल घालणाऱ्यांत फ्ल्युरी होता. भागीदारांत ग्रॅहम जेम्सही होता, आणि संघाचा पहिला प्रशिक्षकही तोच.

थांबा, याचा अर्थ नीट मनात येऊ द्या. ज्यानं आपल्यावर अत्याचार केला त्याच्याबरोबर या माणसानं मोठेपणी धंद्यात पैसे घातले, तोही मुलांच्याच संघात. इथं 'प्रामाणिक, धाडसी' म्हणणारा वाचक चपापतो. जे आधीपासून साशंक होते ते म्हणतात, बघा, असं खरंच घडलं असतं तर कोणी असं वागेल का? आणि जे बाजूचे आहेत ते घाईघाईनं मानसशास्त्राचं पांघरूण घालतात. दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात: खऱ्या पीडिताचं वागणं एका ठरावीक नमुन्याचं असतं, आणि साक्षीदार त्या नमुन्यात बसला तरच त्याची साक्ष घ्यायची.

इथं मला वात्स्यायन आठवतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दप्रमाणाची व्याख्या अगदी छोटी आहे, आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द. आता आप्त कोण? आपल्या बोलीत आप्त म्हणजे नातलग, आप्तेष्ट. शास्त्रात तसं नाही. भाष्यकार वात्स्यायन सांगतो की ज्यानं ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. बस, दोनच अटी. आणि पुढं तो जे म्हणतो ते मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहायचो: हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. हे लिहिणारा माणूस कुठल्या समाजात बसून लिहीत होता ते बघा, मग त्यातला धीटपणा कळेल. सांगणारा कोण आहे, त्याचं कूळ काय, आचार कसा, हे त्यानं बाजूला ठेवलं. ज्या गोष्टीबद्दल बोलतोय तेवढ्यापुरतं बघा.

फ्ल्युरी दारुडा होता, हे खरं. जुगारी होता, व्यसन लपवण्यासाठी वर्षानुवर्षं खोटं बोलला, हे तर तो स्वतःच लिहितो. पण मूस जॉच्या त्या घरात काय घडलं हे साक्षात जाणणारी माणसं जगात दोनच होती. त्यातला एक आता बोलायला तयार झाला होता. दुसऱ्या अटीचं काय, जसं जाणलं तसं सांगण्याची इच्छा? ती तपासायची कशी? माझं मत असं की हिटमेनसारखी गोष्ट इथं त्याच्या बाजूनं साक्ष देते. कल्पित कथा रचणारा माणूस असली गैरसोय आपल्या कथेत ठेवत नाही, ती झाकण्यासाठी आधी काहीतरी रचतो. फ्ल्युरीनं संघाचा इतिहास सगळ्यांना माहीत असतानाही तोंड उघडलं.

कोणी म्हणेल, मग कोणाचंही काहीही खरं मानायचं का? मुळीच नाही. न्यायशास्त्र एवढं भोळं नाही. साक्ष खोटी ठरवायची तर त्या साक्षीच्या विषयातून ठरवा. आरोपीला बचावाचा हक्क आहे, न्यायालयाला पुरावा मागण्याचा. पण 'हा दारुडा, याचं काय ऐकायचं' हा युक्तिवाद त्या विषयाला स्पर्शच करत नाही.

इंग्लंडमधल्या मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये, या पुस्तकाच्या दोनच वर्षं आधी, ज्ञानाच्या व्यवहारातल्या अन्यायावर एक ग्रंथ लिहिला. त्यात दोन प्रकार सांगितले आहेत. एकात, सांगणारा कोण आहे यावरून ऐकणारा त्याच्या शब्दाला कमी भाव देतो. दुसऱ्यात, आपल्यावर काय होतंय ते सांगायला समाजानं त्या माणसाला शब्दच दिलेले नसतात. ऐंशीच्या दशकात सस्कॅचवानच्या एखाद्या गावातल्या पंधरा वर्षांच्या हॉकीपटूकडे, पुरुषाकडून पुरुषावर होणाऱ्या या गोष्टीला नाव काय होतं? जे होतं ते सांगणाऱ्यालाच कलंक लावणारं होतं. पण माझ्या मते फ्रिकरबाईंच्या मांडणीत एक तिसरी जागा राहते, आणि ती या पुस्तकाच्या स्वागतात दिसते. साक्षीला भरपूर भाव द्यायचा, टाळ्याही द्यायच्या, पण आपल्याला हवी तेवढीच साक्ष ऐकायची. आपल्याकडे 'बलुतं' १९७८ मध्ये आलं तेव्हा काय झालं ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. दया पवारांनी दगडू आणि दया अशी दोन माणसं समोरासमोर बसवून अवघड काम केलं होतं. पुष्कळ मध्यमवर्गीय वाचकांनी त्यातलं दुःख उचललं, हळहळले, आणि दगडू दयाला जे टोचून विचारतो ते तिथंच सोडून दिलं. दोन अनुभव सारखे नाहीत, मी तुलना अनुभवांची करत नाही, वाचनाच्या सवयीची करतोय.

आता ते दुसरं नाव. मराठीत आपण याला शब्दांकन म्हणतो आणि जरा नाक मुरडतो. मॅक्लेलन डे या पत्रकार, खेळाडूंच्या पुस्तकांचं शब्दांकन करण्यात मुरलेल्या. मग यातला 'मी' कोणाचा? मला वाटतं, साक्षीच्या दृष्टीनं हा प्रश्न आपण समजतो तेवढा घातक नाही. कोर्टात साक्षीदाराचा जबाब कारकून लिहून घेतो म्हणून साक्ष कारकुनाची होत नाही. साहित्याच्या दृष्टीनं मात्र घातक आहे. कुठं थांबायचं, कुठं गप्प बसायचं हे लेखक ठरवतो, आणि इथं ते दुसऱ्या कोणाच्या तरी सवयीनं ठरलंय असं अधूनमधून वाटतं. एखादा प्रसंग चांगला चिघळत असतो आणि लगेच पुढचा विनोद येतो. तो विनोद फ्ल्युरीचा की शब्दांकनाचा, कोण सांगणार.

पुढचं कोर्टाचं प्रकरण पटकन सांगतो. जानेवारी २०१० मध्ये फ्ल्युरीनं विनिपेग पोलिसांत तक्रार दिली. एप्रिलमध्ये बातमी फुटली की जेम्सला २००७ मध्येच, कोणाला न सांगता, माफी देऊन त्याची जुनी नोंद बाजूला ठेवली गेली होती. देश संतापला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये माफीचा कायदा कडक झाला. पुस्तकामुळे कायदा झाला असं काहीजण लिहितात, ते सैल विधान आहे. माफीची बातमी हे त्याचं लगतचं कारण. डिसेंबर २०११ मध्ये जेम्सनं फ्ल्युरी आणि त्याचा चुलत भाऊ टॉड होल्ट या दोघांबाबतचे गुन्हे कबूल केले. मार्च २०१२ मध्ये दोन वर्षं शिक्षा, अपिलात २०१३ मध्ये ती पाच वर्षं झाली. मग वाचक म्हणाले, बघा, खरं ठरलं. त्या वाक्यानं मी अस्वस्थ होतो. ऑक्टोबर २००९ मध्ये ते खोटं होतं का? जे २०११ मध्ये कोर्टात कबूल झालं ते पहिल्या दिवसापासून तितकंच खरं होतं. आपल्याला शिक्का हवा होता, एवढंच.

फ्ल्युरी आपल्या भाषणांतून एक प्रसंग सांगतो. पुस्तकावर सह्या देण्याच्या अगदी सुरुवातीच्या कार्यक्रमात रांगेत एक माणूस होता. तो पुढं आला आणि म्हणाला की माझ्याही बाबतीत असंच झालं. तो समीक्षक नव्हता. त्यानं पुस्तक धाडसी आहे की प्रामाणिक आहे यावर काही मत दिलं नाही. साक्षीला साक्षीनं उत्तर दिलं आणि गेला. माझ्या वाचनात आलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा मला हे वाचन मोठं वाटतं.

अलीकडच्या वर्षांत फ्ल्युरीबद्दल लोकांचं मत फिरलं आहे. कोविडच्या काळात लसीकरण आणि निर्बंधांविरुद्ध तो समाजमाध्यमांवर इतक्या टोकाचं बोलला की जुने चाहते दुरावले. मलाही त्यातलं पुष्कळसं चुकीचं वाटतं. पण मग एक सूर निघाला की 'याचं आधीचं तरी कितपत खरं धरायचं?' वात्स्यायनाला विचारा. लसीबद्दल त्याला साक्षात ज्ञान नाही, तिथं तो आप्त नाही. आपल्या बालपणाबद्दल आहे, तिथं आहे. एकच माणूस एका विषयात आप्त असतो, दुसऱ्यात नसतो. आपल्याला मात्र माणूस घाऊक हवा असतो, पूर्ण स्वीकारायला नाहीतर पूर्ण टाकायला.

शेवटी एका दुसऱ्या पुस्तकाचं नाव सांगतो. २०१० मधल्या आरोपांत तिसरा एक तक्रारदार होता, ग्रेग गिलहूली. तो मोठा खेळाडू झाला नाही, प्रिन्स्टनमध्ये शिकला, वकील झाला. जेम्सनं फ्ल्युरी आणि होल्टबाबत कबुली दिली त्या तडजोडीत गिलहूलीच्या तक्रारीवरचे आरोप स्थगित झाले. म्हणजे त्याच्या साक्षीवर कोर्टाचा शिक्का कधी बसलाच नाही, ना दोषी, ना निर्दोष. २०१८ मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ आहे, मी कोणीच नाही. यात स्टॅन्ली कप नाही, ऑलिंपिक नाही, ४५५ गोल नाहीत. फ्ल्युरीचं वाचलंत तर हे त्याच्याशेजारी ठेवून वाचा. आणि वाचताना एवढंच स्वतःकडे बघा, की याच्यावर विश्वास ठेवायला आपण काय काय मागतोय.

चला, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत केव्हापासून हात वर आहे.